डोळे आधी रंगवलेले शिपाई

या सदरातले अनुभव मी गेलं वर्षभर वाचतोय आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या लेखकांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्यात. सुनसान रस्ता, पांढरी साडी, मागे वळून बघितलं तर कुणी नाही… असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. मी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो, उभा जन्म कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात गेला. जे मोजता येत नाही ते नाही, असा माझा साधा हिशोब. पण माझ्या घरात जे घडलं ते मी मोजलं होतं, कागदावर स्केलमध्ये काढलंही होतं — माझी अडचण तीच आहे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही बेळगावात अनगोळला भाड्यानं राहत होतो. मी आणि माझी बायको शोभा. दोन खोल्या आणि मागे परस, परसात नळ आणि धुण्याचा दगड. पुढची खोली बारा फूट बाय दहा. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली माझं टेबल, उत्तरेच्या भिंतीवर एकाखाली एक अशा तीन फळ्या. दक्षिणेच्या भिंतीला एक लोखंडी कॉट. हे एवढं सविस्तर सांगतोय कारण पुढे लागणार आहे.

त्या फळ्यांवर माझे शिपाई होते. दीड-दीड इंचाचे, शिशाचे.

आता हा काय प्रकार, ते सांगतो. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक रिटायर सुभेदार राहायचे, मूळचे सांबऱ्याचे. फौजेत असताना साहेबलोकांसाठी वाळूचे डोंगर-नद्या करून लढाईचा नकाशा मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्याच एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याकडून ते एक खेळ शिकून आले होते. मोठ्या टेबलावर वाळू पसरायची, टेकड्या करायच्या, हिरवा रंगवलेला भुसा टाकून झाडी करायची आणि दोन्हीकडून फौजा उभ्या करायच्या. शिपाई फुटपट्टीनं मोजून पुढे सरकवायचे, आणि कोण पडला ते फासे टाकून ठरवायचं. आजकालची मुलं असलंच काहीतरी परदेशी सामान मागवून खेळतात म्हणे. आम्ही छापखान्यातलं जुनं शिसं सुभेदारांच्या परसात वितळवून साच्यात ओतायचो आणि दर रविवारी सकाळी लढाया करायचो. दोन टक्कल पडत चाललेली माणसं वाळूवर वाकून भांडताहेत, हे बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम दारावरून जायच्या.

सुभेदारांचा एक नियम होता. पूर्ण रंगवल्याशिवाय शिपाई टेबलावर येणार नाही. उघडा-नागडा शिपाई ते मैदानात उतरू द्यायचे नाहीत. त्यांचे ऐंशी शिपाई चकाचक. माझे किती? बारा. तेही त्यांनी मागे लागून पुरे करून घेतलेले, आणि ते त्यांच्याकडेच असायचे. मी दर रविवारी हरायचो.

याला कारण माझा स्वभाव. माझं मन एका कामात टिकायचंच नाही. मावळे सुरू केले, ते अर्धे होतात न होतात तोच कुठल्याशा कॅलेंडरवर पेशव्यांच्या घोडेस्वाराचं चित्र बघितलं, मग स्वार सुरू. स्वारांचे घोडे राहिले बाजूला आणि मी टिपूच्या पलटणीला लागलो. त्यानंतर लाल कोटातले गोरे. दर शनिवारी ठरवायचं, उद्या फक्त पागोटी, वीसच्या वीस. आणि अर्ध्या तासात हात आपोआप नव्या कोऱ्या शिपायाकडे जायचा. सुभेदार म्हणायचे, "वसंतराव, तुमच्या फौजेत नुस्ती भरती चाललीया. ट्रेनिंग पुरं झालेला एक न्हाय."

त्यातही माझी एक खोड होती. मी डोळे आधी रंगवायचो. कोट, पट्टा, म्यान या सगळ्याचा मला कंटाळा. पण डोळे… खारीच्या चार केसांचा ब्रश घेऊन पांढरा ठिपका ठेवायचा, त्यात काळा, आणि एका क्षणात तो शिशाचा तुकडा तुमच्याकडे बघायला लागतो. ती मजा मला सोडवायची नाही. त्यामुळे नवा शिपाई हातात घेतला की पहिले डोळे, मग जमलं तर पागोटं, जमलं तर कोट, आणि मग दुसरा शिपाई. पाय मी सगळ्यात शेवटी करायचो. म्हणजे करायचोच नाही. अशा तऱ्हेनं माझ्या तीन फळ्यांवर त्रेसष्ट शिपाई उभे होते, सगळ्यांना डोळे होते आणि पाय एकालाही रंगवलेले नव्हते.

हा डोळ्यांचा हात मला आप्पांकडून, माझ्या वडिलांकडून आला. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. पण आषाढ लागला की ते वखार सोडून गणपतीच्या कारखान्यात जाऊन बसायचे. डोळ्यांची आखणी त्यांनीच करायची. निपाणीत त्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. आणि त्यांचा दंडक होता की डोळे शेवटी. अंगरंग, दागिने, पितांबर, पाय, सगळं झालं की मग डोळे, आणि एकदा नजर दिली की मूर्तीत काही बाकी ठेवायचं नाही. आखणी झाल्यावर एखादं बोट रंगवायचं राहिलेलं दिसलं तर ते जेवण सोडून आधी ते पुरं करायचे. मला ते धंद्याचं शहाणपण वाटायचं. ओल्या रंगाला हात लागून चेहरा खराब होऊ नये म्हणून डोळे शेवटी, एवढंच. माझे शिपाई आप्पांनी तोवर कधी बघितलेच नव्हते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आई आधीच गेलेली, निपाणीत बघणारं कुणी नाही, म्हणून मी त्यांना अनगोळला आणलं. वाटेत संकेश्वरला माझी थोरली बहीण राहते, आक्का. तिला गाडीत घेतलं, ती घर टाकून आमच्याकडेच येऊन राहिली. आप्पांना पुढच्या खोलीत त्या लोखंडी कॉटवर ठेवलं, कारण उजेड तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, चार-आठ दिवस. आम्ही मनाची तयारी केली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. आप्पांनी अन्न सोडलं होतं. चमच्यानं पाणी घालायचो, त्यातलं निम्मं बाहेर यायचं. पाठीला जखमा झाल्या, त्या कूस बदलताना चादरीला चिकटायच्या. दिवसभर एकसारखं कण्हणं चालायचं. ऐकून ऐकून शोभाचं जेवण सुटलं. डॉक्टर येऊन नाडी धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. एकदा बाहेर नेऊन म्हणाले, "अशा नाडीवर माणूस राहतो कसा, मला कळत नाही." शेजारच्या बायका म्हणायला लागल्या की म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. आक्कानं सगळं विचारून बघितलं. निपाणीहून घरची माती आणून हाताला लावली, गोडाचा घास ओठाला लावला, नातीच्या लग्नाचा शब्द दिला. आप्पा नुसते बघत राहायचे. आणि बघायचे ते आमच्याकडे नाही, समोरच्या फळ्यांकडे.

पहिल्यांदा लक्षात आलं ते शोभाच्या. मी दुपारी सायकलवरून जेवायला घरी यायचो. एके दिवशी ताट वाढता वाढता ती म्हणाली, सगळ्या शिपायांची तोंडं मामंजींकडे कशाला फिरवून ठेवलीत, त्यांना बघून त्रास होतो. मी म्हटलं, मी हातसुद्धा लावलेला नाही, तूच पुसताना फिरवली असशील. त्यावरून आमचं थोडं वाजलं. मग मी स्वतः त्रेसष्टच्या त्रेसष्ट शिपाई भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन बघतो तर सगळे कॉटकडे तोंड करून उभे.

आक्कावर संशय घेतला, शोभावर घेतला, दोघी माझ्यावर घेऊन बसल्या. शेवटी मी आपल्या पद्धतीनं जायचं ठरवलं. फळ्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवला, शिपाई परत भिंतीकडे तोंड करून ठेवले. प्रत्येक शिपायाच्या बैठकीभोवती टोकदार पेन्सिलनं गोल मारला आणि तोंड कुठे आहे त्याची एक बारीक खूण केली. रविवार होता, ऊन खोलीत पसरलेलं. सुभेदारांना निरोप पाठवला की आज लढाई नाही. खुर्ची टाकून समोर बसलो. दीड तास एकही हलला नाही. मग परसात जाऊन हातावर पाणी घेतलं आणि परत आलो… तीन मिनिटं झाली असतील. कुणीही आपला गोल सोडला नव्हता, जागच्या जागी होते. पण खुणा एकीकडे आणि तोंडं दुसरीकडे. त्रेसष्टही.

मी दोरे लावले. प्रत्येक शिपायाच्या नाकासमोरून सरळ दोरा ओढत नेला. सगळे दोरे आप्पांच्या उशीवर आले. मग मी आणि शोभानं मिळून कॉट ओढून पार पश्चिमेच्या कोपऱ्यात नेली, दोघंही स्वयंपाकघरात गेलो, दार लोटलं, आणि शंभरपर्यंत मोजून परत आलो. कोन बदलले होते. मी त्या दुपारी एका इंचाला एक फूट असा खोलीचा नकाशा काढला, त्रेसष्ट रेषा मारल्या, आणि त्या सगळ्या रेषा आप्पांच्या कपाळावर एका रुपयाएवढ्या जागेत एकमेकींना छेदत होत्या. ऑफिसात इतकं अचूक काम माझ्या हातून कधी झालेलं नव्हतं. तो नकाशा माझ्याकडे अजून आहे. कुणाला हवा असेल तर दाखवीन.

त्या क्षणी मला राग आला. भीती नाही, राग. माझ्या घरात, माझ्या फळीवर, मी केलेल्या शिशाच्या बाहुल्या, आणि ह्यांनी माझ्या बापाकडे असं टक लावून बघायचं? मी सगळे शिपाई गोळा केले, पत्र्याच्या ट्रंकेत भरले आणि ट्रंक परसातल्या न्हाणीत नेऊन ठेवली. पाच मिनिटांत आक्कानं हाक मारली. आप्पांचा श्वास कोंडला होता. डोळे बाहेर आलेले, डावा हात रिकाम्या फळ्यांकडे धरून हवेत ओरबाडत होते. वाटलं, आता संपलं. पण संपतही नव्हतं. अर्धा तास ते तसेच तडफडत राहिले, आणि तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. शेवटी शोभाच धावत जाऊन ट्रंक घेऊन आली. शिपाई फळीवर गेले आणि श्वास लागला.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला जड जातंय. डोळ्यांमुळे होतंय ना, मग डोळेच नकोत, असा मी विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधीला टर्पंटाईन लावलं आणि वरच्या फळीवरच्या एकवीस शिपायांचे डोळे पुसून काढले. एकविसावा पुसून खाली ठेवला आणि मागून आवाज आला.

"लाईट गेली काय रं?"

दीड महिन्यात आप्पा पहिल्यांदा बोलले होते. जीभ जड, पण शब्द स्वच्छ. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतलं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलं की नजर जाते, आणि कधी कधी वाचा परतही येते. बरोबर असेल. मी त्याच बैठकीला ते एकवीस जोड डोळे परत रंगवले. आप्पांची नजर काही परत आली नाही. ती मी घालवली असं माझं आजही मत आहे, कुणी काही म्हणो.

त्या दुपारी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. आक्का पायाशी होती, शोभा दारात, दोघींनीही हे ऐकलंय.

"वसंता, त्यांचं डोळं आधी उघडलास न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

"पाय न्हाईत त्यास्नी. कुठं जाणार ती? नुस्ती बघत बसल्यात. आन् मलाबी जाऊ देत न्हाईत."

आप्पा थोडा दम घेऊन म्हणाले, "पुरं कर, बाबा. लई झालं आता."

म्हणजे काय, ते आम्हा तिघांना कळलं. शोभानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सरळ विचारलं, तुमचा या गोष्टींवर विश्वास नाही ना? मग रंगवायला काय हरकत आहे? नाहीतरी छंदच आहे तुमचा. विश्वास नसेल तर ते नुसते शिशाचे शिपाई, रंगवले काय आणि न रंगवले काय. आणि विश्वास असेल, तर मी ब्रश उचलतोय तो आप्पांना घालवायला. दोन दिवस मी त्या टेबलाकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी पाठीवरची जखम आक्का धुवत होती, आप्पा ओरडले, आणि मी उठून ऑफिसात पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन आलो.

आधी सुभेदारांच्या पद्धतीनं लागलो. ते म्हणायचे, पलटण एकदम तयार करावी, एक रंग घेतला की तो सगळ्यांना लावून मोकळं व्हावं. दोन दिवस मी नुसते कोट आणि पट्टे केले. फळीवर काही फरक नाही, कॉटवर काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी मला आप्पांचं काम आठवलं. एक मूर्ती हातात घेतली की ती पुरी करूनच खाली ठेवायची. मी एक मावळा उचलला. अंगरखा, कंबरबंद, ढाल, मूठ, शेवटी पाय. फळीवर ठेवला तो भिंतीकडे तोंड करून. तासाभरानं बघितलं. बासष्ट शिपाई आप्पांकडे बघत होते आणि तो एकटा भिंतीकडे.

मग मी बसलो. मंडळी, ज्या माणसाचं मन अर्धा तास एका जागी टिकत नव्हतं तो सकाळी उजेड झाल्यापासून ऊन कलेपर्यंत उठत नव्हता. नवा शिपाई खुणावत नव्हता, दुसरा रंग आठवत नव्हता. हातात आहे तो आणि त्याचे पाय, एवढंच. दिवसाला सहा, सात, एकदा तर नऊ. आणि दर वेळी शिपाई पुरा होऊन फळीवर टेकला की आप्पा डाव्या हाताच्या बोटानं कॉटच्या लोखंडी दांडीवर एक टिचकी मारायचे. त्यांना दिसत नव्हतं. मी आवाज न करता ठेवून बघितला, तरी टिचकी यायचीच. हे आधी आक्काच्या ध्यानात आलं.

दिवसागणिक कण्हणं कमी होत गेलं. जखमा सुकल्या. चेहऱ्यावरचा ताण उतरला, ओठाची वाकडी कड सरळ झाली. आप्पा सुटत चालले होते. आम्हा तिघांनाही ते दिसत होतं. आक्का त्यांचे केस विंचरत बसायची. शोभा माझ्यापुढे चहा ठेवायची आणि निघून जायची.

रजेचा तेरावा दिवस उजाडला तेव्हा एक उरला होता. तोही मावळाच, आणि त्याचे नुसते पाय राहिले होते. दहा मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही. म्हटलं, तपकिरी रंग संपलाय. तो आणायला बाजारात गेलो, दुपार करून आलो. मग म्हटलं, ब्रशाचे केस फाकलेत. मग म्हटलं, उजेड कमी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तेच. आप्पा शांत पडून होते, श्वास हळू, त्यांना काही दुखत नव्हतं. आणि माझ्या मनात आलं की असेच राहिले तर काय बिघडलं? हा एक राहू दे अर्धवट. एक काय, अजून चार राहू देत… टेबलाच्या खणात सुभेदारांनी दिलेले कोरे शिपाई होते. मी त्यातला एक काढला. पांढऱ्यात ब्रश बुडवला. माझ्याच बापाला अडकवून ठेवायला मी त्या शिशाला डोळे उघडून द्यायला निघालो होतो, आणि माझा हात मुळीच थरथरत नव्हता.

"नको रं," आप्पा म्हणाले.

तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. मी एक शब्द बोललो नव्हतो, खणसुद्धा आदल्या दिवसापासून उघडाच होता. मी ब्रश ठेवला. कोरा शिपाई खणात टाकला. आणि तरीही, त्या शेवटच्या मावळ्याला मी हात लावला नाही. त्यालाही फळीवर तसाच ठेवून दिला आणि मांजरासारखा घरातल्या घरात फिरत राहिलो.

रजेच्या पंधराव्या दिवशी सकाळी आक्का संकेश्वरला गेली, एका दिवसासाठी, घरी नवऱ्याला ताप होता म्हणून. दुपारी शोभा रॉकेलच्या रांगेत होती. पुढच्या दाराला आतून कडी. मी परसात आप्पांच्या चादरी धूत होतो. दहा-बारा मिनिटं, फार तर पंधरा. परसाचं दार माझ्या समोर होतं, त्यातून कुणी आत गेलं असतं तर मला ओलांडून गेलं असतं.

आत आलो तर खोली गप्प होती. मी आधी आप्पांकडे गेलो. ते गेले होते. अंग कोमट, तोंड मिटलेलं, चेहरा अगदी मोकळा. पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, आणि माझ्या बोटांना रंग लागला. त्यांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला तांबडा रंग होता. ओला.

मग मी फळीकडे बघितलं. शेवटचा मावळा भिंतीकडे तोंड करून उभा होता. पाय रंगवलेले. गव्हाळ रंगाचा एकच सपाट हात, आणि त्यावर बोटं वेगळी केलेली, प्रत्येक बोटाला तांबड्या रेषेचं नख. आप्पा गणपतीच्या पावलांना करायचे तसं. ते पाऊल पाव इंचाचंही नव्हतं. ऑफिसातून भिंग आणून मी नंतर ती नखं मोजली. दहा होती, सारखी. मी आजही तसं करू शकत नाही, चांगल्या डोळ्यांनी, उजव्या हातानं, टेबलाशी बसून सुद्धा नाही.

तांबड्या रंगाची डबी टेबलावर होती, झाकण घट्ट. ती स्क्रू-ड्रायव्हर घातल्याशिवाय उघडत नसे. ब्रश सगळे बाटलीत, कोरडे. कॉटपासून फळीपर्यंत नऊ फूट दोन इंच. अर्धं अंग गेलेला, दोन महिने उपाशी, आंधळा माणूस.

मी सगळ्या शक्यता तपासल्या, ती माझी सवय आहे. शोभाला ब्रश धरता येत नाही आणि ती रांगेत होती, तिच्यासोबत गल्लीतल्या दोघी होत्या. आक्का घरी पोचली होती. मी स्वतः झोपेत, भ्रमात केलं असेल असं एकदा डॉक्टर म्हणाले. माझे हात साबणाच्या पाण्यात होते, आप्पांचा हात धरेपर्यंत त्यांना रंगाचा वासही नव्हता. सुभेदार दिवसकार्यासाठी आले तेव्हा त्यांनी तो मावळा उन्हात धरून बघितला, आणि एवढंच म्हणाले, "हे तुमचं काम न्हवं, वसंतराव." त्यानंतर आम्ही कधी खेळलो नाही.

ऐकणारे मला विचारतात, भीती वाटली नाही का? नाही वाटली. मला लाज वाटली, अजून वाटते. बासष्ट मी पुरे केले. एक राहिला होता, ज्यासाठी तो माणूस थांबला होता, दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते मी केलं नाही म्हणून आप्पांना अंथरुणातून उठून ते स्वतः करावं लागलं.